विंचूदंशातील मृत्यू आणि महाडचे संशोधन

प्रस्तावना

विंचू चावल्यावर बहुतेकांना काही तास असह्य ठणका सोसावा लागतो आणि नंतर ते बरे होतात. म्हणूनच लोकव्यवहारात विंचू 'उतरवण्याची' पद्धत रूढ झाली. मांत्रिकाकडे गेलेले बहुसंख्य रुग्ण आपोआपच बरे होत असल्याने मंत्राचे यश सिद्ध झाल्यासारखे वाटे. मात्र थोड्या रुग्णांचा, विशेषतः लहान मुलांचा, काही तासांतच मृत्यू होई. हे मृत्यू कशामुळे होतात आणि ते कसे टाळता आले, याचा इतिहास या पाठात पाहू.

गुंतागुंतीचे स्वरूप

काळी, मोठी इंगळी दिसायला भीतीदायक असली, तरी भारतात खरा धोका आहे तो लहान लाल विंचवापासून. महाराष्ट्राप्रमाणेच कर्नाटक, आंध्र प्रदेश, तमिळनाडू येथेही तो आढळतो. त्याचे विष चेतापेशींमधील सोडियमच्या मार्गिका वेळेवर बंद होऊ देत नाही, त्यामुळे चेतासंस्था अनिर्बंध उत्तेजित होते. सुरुवातीला उलट्या, दरदरून घाम, लाळ ही लक्षणे दिसतात. पुढे अॅड्रिनॅलीनसारख्या द्रव्यांचा पूर येतो. हातपाय गार पडतात, रक्तदाब चढतो, हृदयाचे स्नायू थकतात आणि फुफ्फुसात पाणी साचते. क्वचित मेंदूत रक्तस्राव होऊन अर्धांगवायूही होतो.

महाडमधील निरीक्षणे

1961 मध्ये पी. एम. मुंडले यांनी विंचूदंशानंतर फुफ्फुसात पाणी होण्याविषयीचा लेख 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये लिहिला. तरीही नेमका उपाय हाती नव्हता. 1976 मध्ये डॉ. हिंमतराव बावस्कर महाड तालुक्यातील बिरवाडी येथील प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. तेव्हा हा भाग कुलाबा जिल्ह्यात होता; 1981 मध्ये त्याचे नाव रायगड झाले. बावस्करांनी रुग्णांच्या उशाशी बसून नाडी, रक्तदाब, घाम, हातापायांचा गारवा यांच्या तपशीलवार नोंदी ठेवल्या. धोक्याची पूर्वलक्षणे सांगणारा त्यांचा लेख 1982 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. वेदना कमी करण्यापेक्षा हृदय सांभाळणे महत्त्वाचे, ही दिशा त्यातून मिळाली.

प्राझोसिनचा वापर

प्राझोसिन हे रक्तदाबावरचे, आधीपासून उपलब्ध असलेले औषध. रक्तवाहिन्या आकुंचित करणारे संदेश ते अडवते. म्हणजे विषाने उठवलेल्या वादळाच्या नेमके विरुद्ध काम करते. ते गोळीच्या रूपात मिळत असल्याने अतिदक्षता विभाग नसलेल्या गावातही देता येई. या उपचारावरील बावस्करांचा लेख 1986 मध्ये 'लॅन्सेट'ने प्रसिद्ध केला. पूर्वी गंभीर रुग्णांपैकी सुमारे 30 टक्के दगावत. प्राझोसिन वेळेवर मिळू लागल्यावर हे प्रमाण खूपच खाली आले.

प्रतिविषाची चाचणी

प्राझोसिन विषाचे परिणाम रोखते, विष नष्ट करत नाही. ते काम प्रतिविषाचे. दोन्ही एकत्र दिल्यास फायदा होतो का, हे तपासण्यासाठी हिंमतराव आणि त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी महाड येथे 70 रुग्णांवर चाचणी केली. 2011 मध्ये 'बीएमजे'त तिचे निष्कर्ष आले. दोन्ही उपचार मिळालेल्या 35 पैकी 32 रुग्ण 10 तासांत बरे झाले. केवळ प्राझोसिन मिळालेल्या 35 पैकी 8. 2022 मध्ये हिंमतरावांना पद्मश्री जाहीर झाली.

निष्कर्ष

या इतिहासात नव्या औषधाचा शोध नाही. जुने औषध योग्य जागी वापरण्याचा शोध आहे, आणि तो आजार जिथे होता तिथेच लागला. मात्र उपचार असूनही वेळ हा घटक कायम राहतो. उलट्या, घाम आणि गार पडलेले हातपाय दिसत असताना उतारा करण्यात गेलेले तास रुग्णाच्या जिवावर बेततात.

विचारासाठी प्रश्न: बहुसंख्य रुग्ण आपोआप बरे होतात अशा आजारात एखादा उपचार खरोखर गुणकारी आहे, हे कसे ठरवावे?