खाजनाचा बांध आणि गावकरीची शिस्त

मांडवी आणि जुवारी या नद्यांच्या मुखांतून समुद्राचे पाणी दिवसातून दोन वेळा भरतीबरोबर आत शिरते. हे खारे पाणी अडवून गोमंतकीय पूर्वजांनी जी भूमी पिकाखाली आणली, तिला खाजन म्हणतात. गोव्यात अशी भूमी सुमारे १८,००० हेक्टर मानली जाते. चिखल, पेंढा व जांभा दगड यांचा बांध, त्यात बसविलेली लाकडी दारांची मानस आणि खारटपणा सोसणारे कोरगूट भात, एवढीच या व्यवस्थेची बाह्य सामग्री. भरतीच्या दाबाने मानशीचे दार आपोआप मिटते. ओहोटीला आतील पाणी ते लोटून बाहेर पडते.

परंतु बांध केवळ मातीवर उभा राहत नाही. तो उभा राहिला गावकरी संस्थेच्या बळावर. पोर्तुगीज कागदपत्रांत हीच संस्था 'कोमुनिदाद' म्हणून येते. अफोंसो मेशिया याने १५२६ मध्ये तयार केलेल्या सनदेत तिचे जुने रीतिरिवाज नोंदले गेले. शेते आणि मानशीतील मासळी यांचे लिलाव होत. त्या उत्पन्नातून बांधांची डागडुजी आणि ग्रामदेवतेचे खर्च भागवून, उरलेला पैसा गावकारांना 'जोण' म्हणून मिळे. बांध फुटला तर जोण बुडे. म्हणून बांधाची काळजी हा उपकार नव्हे, तर प्रत्येक कुलाचा स्वार्थ आणि धर्म होता. यात उणेपणाही होता: जोणीचा हक्क पुरुषवंशाने चाले आणि चिखलात राबणाऱ्या अनेकांना त्यात वाटा नसे.

सोळाव्या शतकातील धर्मच्छळात देवालये मोडली गेली. १५६० च्या सुमारास श्रीमंगेश कुशस्थळीहून, म्हणजे आजच्या कुठ्ठाळीहून, जुवारी ओलांडून प्रियोळास आले. श्रीशांतादुर्गा केळशीहून कवळ्यास गेली. देव हलविता आले. खाजने मात्र जागीच राहिली.

१९६१ नंतर काळ पालटला. १९६४ च्या कूळ कायद्याने कसणाऱ्यांना संरक्षण दिले आणि १९७६ च्या दुरुस्तीने त्यांना मालकी दिली. हा न्याय आवश्यकच होता. बांधांची जबाबदारी कूळसंघांकडे गेली. परंतु शेती परवडेनाशी होऊन माणसे नोकरीकडे वळली. कोठे मासळीच्या लोभाने मानशीतून खारे पाणी मुद्दाम आत घेतले जाऊ लागले. सरकारी अनुदानाने दगडी बांध झाले, तरी घूस आणि खेकडे यांनी पाडलेले भोक पहिल्याच दिवशी पाहणारा डोळा अनुदानातून येत नाही.

मंदिराचे कळस झळाळते ठेवणाऱ्या महाजनांस हे निराळे सांगावयास नको. वास्तू टिकते ती बांधणाऱ्याच्या कौशल्याने नव्हे, तर दरवर्षी तिच्याकडे परतून येणाऱ्या हातांनी. ज्याला फळ मिळते त्याच्याच माथी राखण असावी, आणि जो राखतो त्याला फळाचा वाटा असावा, एवढे साधे सूत्र जुन्या बांधांनी सांगून ठेवले आहे.