तळटीप : खालिद जमील

फुटबॉल प्रशिक्षक खालिद जमील (जन्म १९७७, कुवेत) यांचे नाव ऐझॉल एफसीच्या आय-लीग अजिंक्यपदाशी जोडले जाते. पण त्यांचे खरे कर्तृत्व मुंबईत पाहावे. महिंद्र युनायटेड आणि एअर इंडियाकडून खेळलेले जमील दुखापतींनी जेरीस आले आणि २००९ साली मुंबई एफसीचे प्रशिक्षक झाले. तुटपुंज्या पैशावर चालणारा हा संघ त्यांनी सात वर्षे आय-लीगमध्ये टिकवून धरला. विजेतेपद नाही, पण घसरणही नाही. माझ्या मते हेच अधिक अवघड काम. ते गेल्यावर २०१६-१७ च्या पहिल्याच हंगामात मुंबई एफसी तळाला जाऊन बाहेर पडली, आणि त्याच हंगामात त्यांचा ऐझॉल संघ विजेता ठरला.

यावर कोणी म्हणेल, हा नशिबाचा भाग. गोव्याच्या क्लबांनी लीगमधून माघार घेतली म्हणूनच आदल्या हंगामात घसरलेल्या ऐझॉलला परत जागा मिळाली. जागा नशिबाने मिळाली हे खरे, पण अठरा सामन्यांचे गुण नशिबाने मिळत नाहीत. ३० एप्रिल २०१७ रोजी शिलाँग लाजाँगविरुद्ध पिछाडीवरून १-१ बरोबरी साधून ऐझॉलने मोहन बागानला एका गुणाने मागे टाकले. पुढे नॉर्थईस्ट युनायटेड आणि जमशेदपूर यांनाही जमील यांनी इंडियन सुपर लीगच्या (आयएसएल) उपांत्य फेरीत नेले. ऑगस्ट २०२५ मध्ये ते भारतीय संघाचे मुख्य प्रशिक्षक झाले.