अमौसीची खतौनी

लखनौच्या नैऋत्येस, कानपूरच्या रस्त्यावर असलेले अमौसी आज विमानतळासाठी ओळखले जात असले, तरी महसूल दप्तराच्या लेखी ते गाटे आणि खाती यांचे गाव आहे. गाटा म्हणजे क्रमांक दिलेला जमिनीचा तुकडा आणि खाते म्हणजे एका किंवा अनेक धारकांच्या नावे मांडलेली जमीन. उत्तर प्रदेशाच्या 'भूलेख' संकेतस्थळावर जिल्हा, तहसील व गाव निवडून गाटा क्रमांक, खाते क्रमांक किंवा खातेदाराचे नाव दिले की नोंद समोर येते, आणि यातील प्रत्येक वाट संगणकाच्या पुष्कळ आधी आखली गेली होती.

तेथील पटवारी दोन मुख्य वह्या बाळगत असे: गाट्यांच्या क्रमाने लिहिलेला खसरा आणि धारकांच्या क्रमाने लिहिलेली खतौनी. मुंबई इलाख्यात, 1835 पासून इंदापुरात गोल्डस्मिड व विंगेट यांनी घातलेल्या पद्धतीत, सारा सर्व्हे नंबरावर बसत असल्याने हक्काचा मुख्य कागद जमिनीच्या क्रमाने लागला, तोच आजचा सातबारा. खातेदाराची एकूण जमीन पाहायची तर आठ-अ काढावा लागतो. लखनौ ज्यात येते त्या अवधात साऱ्याची जबाबदारी तालुकदारावर किंवा गावाच्या हिस्सेदारांवर असे, म्हणून तेथे कोणाचे किती हा प्रश्न आधी येई आणि खतौनी हाच हक्काचा मुख्य कागद ठरला. वहीचा क्रम ठरला की कोणता प्रश्न सोपा आणि कोणता अवघड हेही ठरते.

या दोन क्रमांची सांगड घालणारा माणूस पटवारीच होता, आणि कोणत्या बस्त्यात काय आहे हे त्यालाच ठाऊक असल्याने त्याचा दरारा होता. 1953 मध्ये उत्तर प्रदेशातील पटवाऱ्यांनी सामूहिक राजीनामे दिले, तेव्हा महसूलमंत्री चौधरी चरणसिंह यांनी ते स्वीकारून टाकले आणि त्यांच्या जागी लेखपाल नेमले. अमौसीच्या विमानतळाला आज चरणसिंहांचेच नाव आहे.

भूमी अभिलेखांच्या संगणकीकरणाची केंद्रीय योजना 1988-89 मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत वर्धाही होता. संगणकावर आली तरी खतौनी सहा फसली वर्षांची असते, उदाहरणार्थ 1427 ते 1432, म्हणजे जुलै 2019 ते जून 2025. या काळात झालेल्या दाखल-खारिजचे, म्हणजे फेरफाराचे, आदेश शेजारच्या स्तंभांत साचत जात आणि नवी खतौनी बनेपर्यंत मूळ स्तंभात विकणाऱ्याचे नाव तसेच राही, त्यामुळे नावाने शोधणाऱ्याची सहज फसगत होई. ही उणीव भरण्यासाठी पुढे 'रिअल टाइम खतौनी' आणली गेली. नावाचा शोध तरीही अक्षरांवर चालतो, आणि 'रामप्रसाद' जोडून लिहिला की तोडून यावर निकाल बदलू शकतो. तहसीलही स्थिर नाही. अमौसीची नोंद शोधताना आता लखनौऐवजी सरोजिनीनगर निवडावे लागते.

गाट्याला हल्ली सोळा अंकी संकेतांक असतो: पहिले सहा अंक गावाचे, पुढचे चार गाट्याचे, नंतरचे चार त्याच्या पोटहिश्श्याचे आणि शेवटचे दोन जमिनीच्या प्रकाराचे. धारकाला त्यात जागा नाही, म्हणजे खतौनीच्या प्रांतानेही अखेर सर्व्हे नंबराचीच रीत उचलली.