संवादसाधन दप्तरात नको, हातात हवे

शास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग जानेवारी २००१ मध्ये मुंबईत आले, तेव्हा ते संगणकाच्या आवाजात बोलले. सेरेब्रल पाल्सी वा स्वमग्नतेमुळे बोलू न शकणारी अनेक मुले आज तशीच साधने वापरतात. टॅब्लेटवरील चित्राला स्पर्श करताच शब्द उच्चारला जातो. आयआयटी मुंबईत विकसित झालेले ‘जेलो’ हे अ‍ॅप मराठीतही आहे.

मात्र साधन मिळाले म्हणजे काम संपले, असे नव्हे. ते केवळ वाचा-उपचाराच्या तासाला बाहेर निघत असेल, तर मधल्या सुटीत, मैदानावर मूल पुन्हा निःशब्द होते. शिक्षा म्हणून ते काढून घेणे म्हणजे मुलाचे तोंड बंद करणेच होय.

शिक्षकांनी बोलताना स्वतःही साधनातील चित्रांवर बोट ठेवावे. मूल पाहूनच शिकते. प्रश्न विचारल्यावर उत्तराची शांतपणे वाट पाहावी. धड्यातील नवे शब्द आदल्या दिवशीच त्यात भरावेत. ‘नको’, ‘थांबा’, ‘दुखते’ हे शब्द सदैव हाताशी हवेत. चार्जिंग संपल्यास कागदी चित्रतक्ता जवळ असावा.

साधनामुळे मूल बोलण्याचा प्रयत्नच सोडील, ही पालकांची भीती संशोधनात खरी ठरलेली नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम १७ नुसार पर्यायी संवादपद्धतींना उत्तेजन देणे ही शासन व स्थानिक प्राधिकरणांची जबाबदारी आहे. वर्गात ती पार पडते की नाही, हे शाळा सुटेपर्यंत साधन कुठे असते यावरूनच कळते.