शेवटचा ट्रेलर

ऑस्ट्रेलियाच्या मध्यभागातल्या ओसाड मुलखातून तीन-तीन ट्रेलर ओढत नेणाऱ्या रोड ट्रेनकडे पाहिलं की पहिली दाद चालकाला जाते. ती जावीच, पण ही वाहनं सुरक्षित होण्यात चाकांच्या आणि सांध्यांच्या रचनेचा वाटा अधिक आहे. १९२९ साली दक्षिणेकडून आलेली रेल्वे अ‍ॅलिस स्प्रिंग्जला थांबली. पुढच्या वस्त्यांची भिस्त उंटांच्या तांड्यांवर होती. १९३४ मध्ये तिथे एईसी या ब्रिटिश कंपनीची सरकारी रोड ट्रेन आली : १३० अश्वशक्तीचं डिझेल इंजिन, आठही चाकांना जोर, मागे दोन ट्रेलर. इंजिनापेक्षा ट्रेलरच जास्त कल्पक होते. त्यांची दोन्ही टोकांची चाकं वळत, त्यामुळे मागचा ट्रेलर वळण आतून न कापता पुढच्याच चाकोरीतून येई. नदीच्या कोरड्या पात्रात किंवा झाडांमधल्या अरुंद वाटेवर चाकोरी सुटली की गाडी रुतलीच. दुसऱ्या महायुद्धानंतर अ‍ॅलिस स्प्रिंग्जच्या कर्ट योहानसेन यांनी लष्कराने मोडीत काढलेला डायमंड टी हा रणगाडे ओढणारा ट्रक घेतला आणि त्यामागे स्वतः बनवलेले असेच वळणारे ट्रेलर जोडून गुरांची वाहतूक सुरू केली. एरवी आठवडेच्या आठवडे चालत नेलेली गुरं वाटेतच वाळून जात.

मात्र हे सगळं संथ गतीचं गणित होतं. युद्धकाळात अ‍ॅलिस स्प्रिंग्ज ते डार्विन रस्ता डांबरी झाला, दक्षिणेकडचा अ‍ॅडलेडपर्यंतचा १९८७ पर्यंत पुरा झाला, आणि रस्त्याबरोबर धोकाही बदलला. हळू चालताना मागचा ट्रेलर वळणाच्या आत ओढला जातो. वेगात असताना चालकाने कांगारूला चुकवायला स्टिअरिंगला हिसका दिला, की तो हिसका प्रत्येक सांध्यागणिक वाढत जातो आणि शेवटचा ट्रेलर पुढच्या ट्रकपेक्षा कितीतरी जोरात बाहेर फेकला जातो. म्हणजे वळणावर सोयीचे असलेले सांधे वेगात वैरी होतात. त्यावरचा एक तोडगा कॅनडातून आला. पुढच्या ट्रेलरच्या मागच्या चाकांवरच जोडतबकडी बसवायची आणि दुसऱ्या ट्रेलरचं तोंड थेट तिच्यावर टेकवायचं. मधली दांडी आणि डॉली (मागच्या ट्रेलरचं तोंड पेलणारी छोटी चाकगाडी) गेली, एक सांधा कमी झाला. हाच बी-डबल, ऑस्ट्रेलियात तो १९८०च्या दशकात आला.

यावर कोणी म्हणेल, कसलेला चालक हिसका देतच नाही. जनावर आडवं आलं तरी तो सरळ रेषेत ब्रेक लावतो. खरं आहे, आणि तसं शिकवलंही जातं. पण शेवटचा ट्रेलर झुलू लागल्याचं केबिनमध्ये उशिरा कळतं, आणि कळेपर्यंत हातात फारसं काही उरलेलं नसतं. आपल्याकडे दोन ट्रॉल्या ओढणारे उसाचे ट्रॅक्टर दिसतात, पण त्यावरून याचा अंदाज बांधू नये. त्यांचं दुखणं उतार, ब्रेक आणि रात्री मागचे दिवे नसणं हे; झोल्याचा प्रश्न उभा राहावा इतका त्यांना वेगच नसतो. दुसरा आक्षेप मात्र वजनदार आहे : तिथे सुरक्षितता रिकाम्या रस्त्यांनी दिली, रचनेने नव्हे. अंशतः ते मान्यच करावं लागतं. साडेत्रेपन्न मीटर लांबीच्या तीन ट्रेलरच्या गाड्यांना आजही ठरावीक मार्गांवरच परवानगी असते, कारण त्यांच्यात डॉल्या आणि त्यांचे सांधे शिल्लक आहेत. सिडनी-मेलबर्नच्या वर्दळीच्या ह्यूम महामार्गावर त्यांना प्रवेश नाही. बी-डबल तिथून रोज धावतात.