गेंजीकथा आणि तिचे वाचक

ज्या भाषेचें एक अक्षरही आम्हांस वाचतां येत नाहीं, त्या भाषेंतील कथेनें आमचे डोळे पाणावले, तर तें दुःख खरें कोणाचें? मूळ लेखिकेचें, भाषांतरकाराचें, कीं केवळ आमचें? विद्यार्थिदशेंत आर्थर वेलीच्या इंग्रजी भाषांतरांतून जपानची 'गेंजी मोनोगातारी' आम्हीं प्रथम वाचली, तेव्हांपासून हा प्रश्न आमचा पिच्छा सोडीत नाहीं. त्याचें उत्तर तर्कानें शोधण्यापेक्षां या कथेच्या वाचकांचा इतिहास चाळावा, हें आम्हांस अधिक श्रेयस्कर वाटतें.

राजदरबारांतील मुरासाकी शिकिबु या स्त्रीनें अकराव्या शतकाच्या आरंभीं ही चोपन्न प्रकरणांची कथा रचिली. तिच्या पहिल्या वाचकांपैकीं एकीची रोजनिशी सुदैवानें उपलब्ध आहे. ही मुलगी १००८ सालीं जन्मलेली. तिचें स्वतःचें नांव इतिहासास ठाऊक नाहीं, 'साराशिना' या तिच्या रोजनिशीनेंच ती ओळखली जाते. दूरच्या प्रांतांतून राजधानींत आल्यावर एका नातलग स्त्रीनें तिला या कथेचीं पन्नासांवर प्रकरणें पेटींत घालून दिलीं. मुलगी पडद्याआड बसून रात्रंदिवस वाचीत राहिली. स्वप्नांत एका भिक्षूनें येऊन 'सद्धर्मपुंडरीकसूत्राचा पांचवा खंड पाठ कर' असें बजाविलें. आपल्या भारतभूमींतून निघालेल्या त्या सूत्राकडे तिनें साफ दुर्लक्ष केलें! मोठेपणीं आपणही कथेंतल्या युगाओसारख्या, उकिफुनेसारख्या सुंदर होऊं, हेंच तिचें ध्यान. उतारवयांत मात्र या वेडापायीं आयुष्य फुकट गेलें, असा पश्चात्ताप तिनें नोंदविला आहे. कथेनें व्याकुळ होणें हा गुण कीं दोष, हा वाद असा कथेच्या जन्मापासूनचा आहे.

पुढें शेंकडों वर्षें अनेक टीकाकारांनीं तिच्यांत कोठें नीतीचा उपदेश, तर कोठें वैराग्याचा धडा शोधिला. अठराव्या शतकाच्या अखेरीस मात्सुसाका गांवच्या मोतोओरि नोरिनागा या वैद्यविद्वानानें हें सर्व बाजूस सारिलें. कथा उपदेशासाठीं नाहीं. 'मोनो नो अवारे', म्हणजे वस्तुमात्रांतील हृदयस्पर्शी भाव, जाणण्यासाठीं आहे, असें त्यानें सांगितलें. 'अवारे' हा मूळचा उसाश्यासारखा उद्गारच, असें त्याचें मत. गेंजीच्या निषिद्ध प्रेमांबद्दल त्याचा दृष्टांत मार्मिक आहे: ज्याला कमळ हवें, त्यानें चिखलाचें पाणीही राखलेंच पाहिजे. आमच्या रसशास्त्रांतील 'सहृदय' या कल्पनेशीं याचें नातें जवळचें आहे. भेद इतकाच कीं, आमचा करुणरस काव्यापुरता व अलौकिक मानिला गेला. नोरिनागाचा भाव मात्र ग्रंथांत तसाच पानगळींतही.

आतां परभाषेंतील वाचकांकडे वळूं. वेली हा ब्रिटिश म्यूझियममध्यें नोकरी करीत असतां स्वतःच्या खटपटीनें चिनी व जपानी शिकला. जपानांत त्यानें उभ्या आयुष्यांत पाऊल टाकिलें नाहीं. त्याचे सहा खंड १९२५ ते १९३३ या काळांत निघाले. त्यांत एक प्रकरण संपूर्ण गाळलेलें आहे, आणि मूळच्या पद्यांपैकीं पुष्कळ पद्यें गद्यांत विरघळलेलीं आहेत. पहिला खंड निघतांच व्हर्जिनिया वुल्फनें 'व्होग' मासिकांत त्याचें परीक्षण लिहिलें. मुरासाकी फुलांकडे व मनांकडे पाहत होती तेव्हां आपले पूर्वज लढाया करीत होते, हें तिनें खिलाडूपणें कबूल केलें; पण कांहीं रांगडा जोम येथें नाहीं, असेंही तिनें म्हटलें. आदर पुरता होता, शरणागति नव्हती.

चौथा खंड १९२८ सालीं निघाला. त्याच्या शेवटीं गेंजीची प्रियतमा मुरासाकी मरण पावली आहे, आणि तिचीं जपून ठेवलेलीं पत्रें तो अग्नींत टाकवितो. यानंतर परंपरेनें एक प्रकरण सांगतात. त्याला 'मेघांत लपला' अशा अर्थाचें नांव आहे, मजकूर मात्र मुळींच नाहीं. त्यापुढील प्रकरण उघडतें तें गेंजी मेला आहे, या वार्तेनें. इंग्रजी वाचकांस ही वार्ता १९३२ च्या पांचव्या खंडांत, चार वर्षांनीं, मिळाली! भाषांतरांत गळण्याजोगें ज्यांत कांहींच नाहीं असें तेवढें एकच प्रकरण. आणि आमचे डोळे पाणावले ते नेमके तेथेंच.

शेवटचा वाचक डोनाल्ड कीन. १९४० च्या शरदांत, जर्मन विजयांच्या बातम्यांनीं कासावीस झालेल्या या अठरा वर्षांच्या अमेरिकन विद्यार्थ्यानें न्यूयॉर्कांत वेलीचें हें भाषांतर अवघ्या ४९ सेंटांस घेतलें, तेंही आकाराच्या मानानें स्वस्त म्हणून. जेथें लढाई नाहीं, आणि नायक दुःखी आहे तो सत्ता हुकली म्हणून नव्हे, तर मनुष्यजीवनच शोकमय म्हणून, असें जग त्यास आश्रयासारखें वाटलें. पुढच्याच वर्षीं जपान त्याच्या देशाचा शत्रु झाला. कीन आरमाराच्या शाळेंत जपानी शिकला, आणि मृत जपानी सैनिकांच्या रोजनिश्या वाचणें हें त्याचें काम झालें. तेथेंही त्यास शत्रु न दिसतां माणसें दिसलीं. युद्धानंतर जपानी साहित्य हेंच त्याचें आयुष्य झालें. २०११ च्या भूकंपानंतर त्यानें जपानचें नागरिकत्व स्वीकारिलें, आणि २०१९ सालीं तो तेथेंच निवर्तला.

वाचनानें युद्धें थांबत नाहींत, हें या इतिहासांत स्पष्टच आहे. भाषांतरांतून मूळचें सर्व येतें, असेंही आम्ही म्हणत नाहीं. परंतु पडद्याआडची ती मुलगी, मात्सुसाकाचा तो वैद्य, आणि युद्धाच्या छायेंतला तो विद्यार्थी, यांपैकीं प्रत्येकानें आपलेंच दुःख घेऊन ही कथा उघडली, आणि मिटली तेव्हां त्यांत दुसऱ्याचेंही मिसळलें होतें. डोळ्यांतलें पाणी आमचेंच, यांत संशय नाहीं. मात्र तें आणणारी बाई हजार वर्षांपूर्वींची आहे, आणि तिची भाषा येत नसतांही तिचें मौन आम्हांस कळलें, एवढें आम्ही निःशंकपणें सांगूं शकतों.