डोंगरासाठी कागद लढवणारी संस्था

डोंगर फोडायला फार मोठं कारण लागत नाही. जवळ शहर वाढत असतं, रस्ता रुंद व्हायचा असतो आणि खडी जितकी जवळ मिळेल तितका डंपरचा खर्च वाचतो. लोक ज्या डोंगरावर फिरायला, चढायला जातात तोही रस्त्याला लागून आणि गावाजवळच असतो, त्यामुळे खडी क्रशरवाल्याची नजरही नेमकी त्याच्यावर जाते. गावकरी, गिर्यारोहक एकत्र येऊन एखादी खाण बंद पाडतात, पण खडीची गरज तशीच राहते आणि काही वर्षांनी शेजारच्या गट नंबरावर नव्या परवान्याचा अर्ज येतो. मुंबईच्या ‘बॉम्बे एन्व्हायर्न्मेंटल अ‍ॅक्शन ग्रुप’च्या वाटचालीकडे नंदुरबारमधून पाहावं ते यासाठी. एकेका खाणीशी झगडत बसण्यापेक्षा सगळ्या परिसरालाच कायद्याची हद्द घालून घ्यायची, हा मार्ग महाराष्ट्रात या संस्थेनं चिकाटीनं चालवून दाखवला.

संस्था १९७९ची. श्याम चैनानी हे तिचे प्रमुख शिल्पकार. मोर्चे आणि घोषणा हा तिचा पिंड नव्हता. नकाशे मिळवायचे, शासनाचे निर्णय ओळ न ओळ वाचायचे, सचिवांना आणि मंत्र्यांना पत्रं लिहायची, उत्तर आलं नाही तर पुन्हा लिहायची आणि सगळं थकलं की उच्च न्यायालयात जायचं, अशी तिची रीत. चैनानींचं ‘हेरिटेज अँड एन्व्हायर्न्मेंट’ हे २००७ सालचं पुस्तक या कामाचीच रोजनिशी आहे.

१९८६चा पर्यावरण संरक्षण कायदा आला आणि संस्थेला हवं ते हत्यार मिळालं. या कायद्यानं केंद्र सरकारला एखाद्या भागात कोणते उद्योग चालू द्यायचे आणि कोणते नाही, हे ठरवण्याचा अधिकार दिला. १९८९मध्ये मुरुड-जंजिरा आणि १९९१मध्ये डहाणू या अधिकाराखाली आले. त्यानंतर पाळी गिरिस्थानांची. महाबळेश्वर-पाचगणी परिसर १७ जानेवारी २००१ रोजी पर्यावरणीयदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर झाला आणि माथेरान ४ फेब्रुवारी २००३ रोजी.

माथेरानची गोष्ट जरा सविस्तर सांगायला हवी. १८५०मध्ये ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांनी पुढे आणलेला हा डोंगर १९०७पासून छोट्या गाडीनं नेरळशी जोडलेला आहे आणि गावात मोटारींना मज्जाव आहे. पण माथा शांत ठेवून भागत नाही. पायथ्याला सुरुंग लागायला लागले, तर माथ्याचं पाणी आणि कडे कसे टिकणार? म्हणून अधिसूचनेत माथ्यासोबत भोवतालचा पट्टाही घेतला गेला. २००२च्या मसुद्यात २५१ चौरस किलोमीटरहून जास्त क्षेत्र होतं, अंतिम अधिसूचनेत ते २१४.७३ वर आलं. त्या एका वर्षात सदतीस चौरस किलोमीटर कुणाच्या हिताच्या ओढीनं गळाले, हे ओळखायला तज्ज्ञ लागत नाही. तरी जे हाती आलं ते भक्कम होतं. खाणकाम आणि दगडखाणींवर बंदी आली आणि नवे खाणपट्टे थांबले. स्थानिकांची घरं आणि रस्त्यांची दुरुस्ती यांसाठी मर्यादित दगड काढायची मुभा आहे, तीही देखरेख समितीनं जागा पाहून दिली तर. वीस अंश किंवा त्याहून तीव्र उतारावर आणि वनजमिनीवर तीही नाही.

मला ही मुभा फार महत्त्वाची वाटते. आदिवासी पाड्यावरच्या माणसाला चौथऱ्यापुरता दगड आणि ठेकेदाराला हजारो ब्रास खडी, हे दोन्ही एकाच मापानं मोजणारा कायदा गावाला आपला वाटत नाही आणि मग गावच त्याच्याविरुद्ध उभं राहतं.

याच संस्थेच्या वाटचालीत एक अवघड पानही आहे. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातल्या अतिक्रमणांविरुद्ध तिनं १९९५मध्ये याचिका केली, १९९७मध्ये उच्च न्यायालयाचे आदेश आले आणि जंगल वाचलं. पण हजारो गरीब कुटुंबांची घरं त्यात पडली. पुनर्वसनासाठी १९९५च्या आधीचा पुरावा आणि सात हजार रुपये मागितले गेले. हातावर पोट असलेल्यांकडे ते कुठून असणार? निसर्ग राखण्याचा भार सर्वांत दुबळ्या खांद्यावर पडू नये, हे सातपुड्याच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही.

हा मार्ग वेळखाऊही आहे. संस्थेनं २००४मध्ये खारफुटीसाठी केलेल्या याचिकेचा अंतिम निकाल २०१८ साली लागला. चैनानी २०१०मध्येच गेले होते. पश्चिम घाटाचा अनुभव तर याहून कडू आहे. कस्तुरीरंगन समितीनं २०१३मध्ये संवेदनशील क्षेत्रात खाणी, दगडखाणी आणि वाळूउपसा पूर्ण बंद करायला सांगितलं. समितीच्या यादीत नंदुरबार जिल्ह्याचंही नाव आहे. २०१४ ते २०२४ या काळात अधिसूचनेचे सहा मसुदे निघाले, अंतिम अधिसूचना मात्र निघाली नाही.

म्हणून नंदुरबारच्या तोरणमाळ या गिरिस्थानाचा विचार दिल्लीच्या भरवशावर करू नये. यशवंत तलाव, सीताखाई, गोरखनाथाची महाशिवरात्रीची यात्रा यांमुळे खानदेशाचं हे हक्काचं फिरण्याचं ठिकाण आहे. त्याला संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा आहे, पण तो दर्जा सरकारी मालकीच्या जमिनीपुरता असतो. बाहेरच्या जमिनीचं काय?

इथं नंदुरबारकडे माथेरानपेक्षा मोठं बळ आहे. अक्राणी आणि अक्कलकुवा हे अनुसूचित क्षेत्रातले तालुके. दगड हे गौण खनिज. १९९६च्या पेसा कायद्याप्रमाणे अनुसूचित क्षेत्रात गौण खनिजाचा पट्टा देण्याआधी ग्रामसभेची किंवा योग्य स्तरावरच्या पंचायतीची शिफारस घ्यावीच लागते. महाराष्ट्राचे त्यासंबंधीचे नियम २०१४ पासून लागू आहेत. २००६च्या वनहक्क कायद्यानं जंगल, पाणलोट राखण्याचा अधिकारही ग्रामसभेला दिला. माथेरानसाठी मुंबईच्या मोजक्या माणसांना दिल्लीच्या वाऱ्या कराव्या लागल्या. इथं पहिला शब्द गावाचाच आहे, मात्र तो अर्ज येण्याआधी कागदावर असायला हवा.

कोणत्या गट नंबरांत झरे आहेत, कुठला उतार तीव्र आहे, देवस्थानाची आणि पायवाटेची जागा कोणती, घरांसाठी दगड कुठून घेतला तर चालेल, हे ठरावात नोंदवा. एक प्रत तहसीलदारांना आणि एक वनखात्याला देऊन पोच घ्या. तोरणमाळभोवतीच्या प्रत्येक गावानं येत्या १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत हा विषय पहिला घ्यावा, ही कळकळीची विनंती.